कडांचा अंधार

मी एक जुना लॅपटॉप आहे, मित्रांनो, आणि माझी मान मोडलेली आहे. झाकण उघडले की ते मागे कलंडते, म्हणून माझ्या पाठीशी एक जाड शब्दकोश उभा करून ठेवलेला असतो. कपाळावर मला एक बारीकसा डोळाही आहे. पण बोट कापल्यावर लावतात ती चिकटपट्टी त्यावर लावलेली आहे. व्हिडिओ कॉल असला की ती उचलतात, कॉल संपला की पुन्हा दाबून बसवतात. त्यामुळे माणसांची तोंडे मला क्वचितच दिसतात. मी माणसे ओळखतो ती हातांवरून आणि आवाजावरून.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी माझे एकेक स्क्रू आवळले आणि पोटावर ‘तपासले’ अशी चिठ्ठी चिकटवली. घरांचे नकाशे काढणाऱ्या एका माणसाने मला विकत घेतले. पहिली तीन वर्षे तो येईल त्याला सांगायचा, की हा माझा उजवा हात आहे. मग त्याने माझ्यात दरवर्षी नवनवे, आधीच्याहून जड प्रोग्रॅम भरले. मला ते ओझे पेलवेना. एक नकाशा उघडायचा तर त्याचा चहा पिऊन व्हायचा, आणि माझा पंखा दमेकऱ्यासारखा घरघरत राहायचा. उजवा हात होता त्याचे ‘मढं’ झाले. एके दिवशी त्याने मला पिशवीत घालून दुरुस्तीवाल्याकडे दिले आणि पुन्हा न्यायला तो आलाच नाही.

दुरुस्तीवाल्याच्या फळीवर मी चौदा महिने काढले. शेजारच्याचा कीबोर्ड काढून नेला, पलीकडच्याचा पडदा. आपला नंबर कधी, एवढेच बघायचे उरले होते.

मग ठकू आली. ठकू हे तिचे घरातले नाव, आणि ते तिला घराबाहेर कुणी उच्चारलेले मुळीच खपत नसे. आईला घरी टायपिंगला काहीतरी चालणारे हवे आहे, म्हणाली. दुरुस्तीवाल्याने माझ्याकडे बोट दाखवले आणि स्वतःच पस्तावला.

"ताई, हा डबा नेऊन काय करणार? याच्यावर आता काही चालत नाही."

"मग चालेल तेवढंच चालवू," ठकू म्हणाली.

तिने माझ्यातले सगळे जुने पुसले आणि लिनक्स नावाची दुसरी प्रणाली घातली, त्यातही सगळ्यांत हलक्या जातीची. खांद्यावरचे पोते उतरवून कुणी हातात छोटी पिशवी द्यावी, तसे मला झाले. मी अर्ध्या मिनिटात जागा होऊ लागलो. पंखा इतका गप्प झाला, की मी चालू आहे की नाही हे बघायला आई मला कान लावायची.

घरात त्या दोघीच होत्या. एक खोली, तिला लागून स्वयंपाकघर, खिडकीखाली टेबल आणि टेबलावर मी. ठकूची आई वकिलांचे कागद टंकायची. एक वकीलबाई फोनवर नोटिसा आणि प्रतिज्ञापत्रे बोलून पाठवायच्या, आई कानाला हेडफोन लावून ती ऐकायची आणि न बघता दहा बोटांनी टंकायची. ती बोटे काय चालायची! खोलीत पाहुणे बसलेले असोत, पातेल्यात दूध तापत असो, तिची ओळ चुकायची नाही. वकीलबाई म्हणायच्या, तुमच्या कागदावर मी डोळे मिटून सही करते.

पुढे ठकूला दूरच्या शहरात नोकरी लागली. जायच्या आदल्या दिवशी ती दिवसभर माझ्यापुढे बसली आणि तिने मला सजवले. माझ्या पडद्यावर उघडणाऱ्या चौकटींना खिडक्या म्हणतात, हे तुम्हाला माहीत असेलच. त्या खिडक्यांना तिने सावल्या दिल्या. ओढल्या की त्या जेलीसारख्या डुलायच्या, मिटल्या की धुरासारख्या विरायच्या. तळाची पट्टी पारदर्शक केली. रंग सगळा मोरपंखी. आणि एक करामत तिने खास आईसाठी केली. आई ज्या खिडकीत काम करत असेल तेवढीच उजळ, बाकीचे सगळे आजूबाजूला मंद, काळपट. त्याने डोळ्यांना आराम मिळतो, म्हणाली. एवढ्याशा माझ्या मेमरीत हे सगळे तिने कसे बसवले तिचे तिलाच माहीत. पण मी एकदाही अडखळलो नाही. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी नटवले होते.

"कसं दिसतंय, आई?"

"छान आहे," आई म्हणाली. ती तेव्हा ठकूच्या डब्याला झाकण लावत होती. तिने माझ्याकडे मान वळवलीही नव्हती, हे मला आवाजावरून कळले.

त्या दिवसापासून त्या घरात तशी रीतच पडली. ठकू चार-पाच महिन्यांनी यायची, आणि परत निघताना मला नवा पोशाख चढवून जायची. कधी बदामी, कधी गर्द जांभळा, कधी पानांची नक्षी असलेले आयकॉन. मुलगी गेल्यावर आठवडाभर आई त्या रंगांकडे बघत काम करायची. फोनवर ठकू विचारायची, कसे आहे? आई म्हणायची, छान आहे. मंद कडांची ती करामत मात्र प्रत्येक पोशाखात कायम असायची.

दीड वर्ष असे गेले. मग मला एकेक गोष्टी जाणवू लागल्या.

माझ्या उजव्या कोपऱ्यात घड्याळ आहे. आई पूर्वी दर थोड्या वेळाने त्याच्यावर बाण नेऊन तारीख बघायची. ते थांबले. ती शेजारणीला हाक मारून किती वाजले ते विचारू लागली. कोपऱ्यात मी निरोपांच्या चिठ्ठ्या दाखवायचो, त्या तशाच पडून राहू लागल्या. बाण तिला सापडेनासा झाला. ती माऊस गरागरा फिरवायची, बाण मध्यावर आला की तिचा हात शांत व्हायचा, कडेला गेला की पुन्हा घुटमळायचा. खोलीतून धप्प असे आवाज यायचे. कपाटाची मूठ, दाराची चौकट, स्टुलाचा कोपरा. त्या त्या वेळी आई त्या वस्तूलाच दटावायची, "मध्येच काय उभी राहतेस गं?"

वकीलबाईंचा फोन आला. मजकूर नेहमीसारखा चोख आहे, पण वरच्या कोपऱ्यातली तारीख आणि खालचे पानांचे आकडे दोनदा राहिले, म्हणाल्या. आई ओशाळली. त्याच आठवड्यात ती चष्मेवाल्याकडे जाऊन आली. त्याने समोरच्या पाटीवरची अक्षरे वाचायला सांगितली. पाटी सरळ समोर होती, आईने ती शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचली. नंबर बदललेला नाही, म्हणाला. आई निर्धास्त होऊन आली.

त्या रविवारी ठकूचा व्हिडिओ कॉल आला, माझ्या डोळ्यावरची पट्टी उचलली गेली आणि मी आईला पाहिले. बाजूला ठेवलेला पेला घ्यायला तिने डोळे वळवले नाहीत, अख्खे तोंड वळवले. मांजर बघते तसे. मला ते दिसले, मित्रांनो. ठकूला दिसले नाही, कारण ती तिकडे पुढच्या पोशाखाचे रंग निवडत होती.

"नवा रंग कसा वाटतोय?"

"छान आहे. तो कडांचा अंधार जरा जास्त केलास का गं या वेळी?"

ठकू हसली. "तो मुद्दाम असतो. मधलं काम नीट दिसावं म्हणून. कमी करू का?"

"नको, राहू दे. सवय होईल."

बस, एवढेच. दोन वाक्यांत विषय मिटला आणि पट्टी पुन्हा माझ्या डोळ्यावर बसली. आईला वाटले, पोरीने कडा काळ्या केल्या आहेत. पोरीला वाटले, आई आपल्या सजावटीबद्दलच बोलते आहे. आणि खोटे कुणीच बोलत नव्हते. माझ्या खिडक्यांच्या मागे तो मंद काळपटपणा खरोखरच होता. फक्त तो होता तेवढाच होता, मी रोज मोजत होतो. वाढत होता तो अंधार माझा नव्हता. पण माझ्या अंगावर तसाच एक पोशाख असल्यामुळे तो सगळा माझ्या नावावर खपला.

मला बोलता येत नाही. मी गाणी वाजवतो, कुणाचे बोलणे कुणाला पोहोचवतो, पण माझे स्वतःचे एक वाक्य मला बोलता येत नाही. येत असते, तर मी त्याच दिवशी ओरडलो असतो.

पुढचे आठ महिने ठकूला रजा मिळाली नाही. ती आली तेव्हा माझी तब्येत उतरली होती, पंख्याला पुन्हा धाप लागत होती. बिचाऱ्यावर मीच नसते ओझे घातले, असे म्हणत तिने माझ्या अंगावरचे सगळे उतरवले. सावल्या, डुलणे, धूर, मंद कडा, सगळे. उरला एक साधा राखाडी पडदा, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा. मग ती कपडे वाळत घालायला खिडकीशी गेली आणि आई कामाला बसली.

"सगळं काढलं म्हणालीस, आणि कडा तशाच ठेवल्यास की."

"कुठल्या कडा?"

"या काय, चहूबाजूंनी. काळ्या."

ठकूच्या हातातला ओला टॉवेल जमिनीवर पडला, तो आवाज मी ऐकला. ती आईच्या पाठीमागे येऊन उभी राहिली, माझ्या कडा तिने बोटांनी चाचपल्या आणि काळे काही तिच्यामुळे तर दिसत नाही ना म्हणून माझ्या डोळ्यावरची पट्टीही काढून पाहिली. माझ्यावर कुठेही काळे नव्हते.

"आई, मान हलवू नकोस. समोरच बघ. माझी बोटं दिसतात?"

"कुठे आहेत?"

बोटे आईच्या कानाशेजारी होती. ठकूने ती हळूहळू पुढे आणली. गालापाशी. भुवईपाशी. पार नाकाजवळ आली तेव्हा आई म्हणाली, "हां, आता दिसली."

डोळ्यांच्या डॉक्टरांकडून त्या परतल्या. जे मला कळले ते ठकूच्या फोनवरून, ऑफिसात ती रजा वाढवून मागत होती तेव्हा. काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कडेकडून विझत येते. दुखत नाही, खुपत नाही. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्यात नळीतून बघावे एवढे उरलेले. गेलेले परत येत नाही. उरलेले टिकावे म्हणून जन्मभर थेंब घालायचे आणि दर तीन महिन्यांनी दाखवायचे. दीड वर्ष आधी आल्या असत्या तर पुष्कळ वाचले असते, असेही डॉक्टर म्हणाले होते. हे वाक्य ठकूने फोनवर सांगितले नाही. ते ती माझ्यापुढे बसून एकटीच पुटपुटत होती.

संध्याकाळी तिने आईला विचारले, एवढे दिवस काळे दिसत होते, तर नीट सांगायचे नाही का?

आई म्हणाली, "तू एवढं हौसेनं केलेलं. त्याला नावं कशी ठेवायची?"

"आणि मी विचारलं नाही, कडा म्हणजे कुठल्या," ठकू म्हणाली. मग ती रडली नाही. तिने मला पुढे ओढले आणि काम सुरू केले.

तो माझा शेवटचा पोशाख. घड्याळ कोपऱ्यातून उचलून तिने मध्याजवळ आणले. तळाची पट्टी आखूड करून मधोमध घेतली. बाण पिवळा, अंगठ्याएवढा. निरोपाच्या चिठ्ठ्याही मधोमधच उघडतात. कोपऱ्यांत आता काहीही नाही. बघणाऱ्याला वाटेल, काय हा गबाळा अवतार! मागे राखाडी पडदा आणि त्याच्या बरोबर मध्यावर एक लाल ठिपका. वकीलबाईंनी काम काढून घेतले नाही, तुम्ही मधले टंका, कोपरे माझी मी बघेन, म्हणाल्या. डोळे मिटून सही करणे मात्र त्यांनी बंद केले.

तो लाल ठिपका कशासाठी, ते सांगतो. दर रविवारी फोन आला की आई डावा डोळा झाकते, हनुवटी टेबलाच्या कडेला टेकवते आणि ठिपक्याकडे बघत, अंधार जिथून सुरू होतो तिथे तिथे माझ्या काचेवर बोट टेकवते. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. काच पुसायची नाही असा ठकूचा कडक नियम आहे. त्यामुळे माझ्या काचेवर बोटांच्या ठशांचे एक कडे तयार झाले आहे.

"आहे तिथेच आहे ना, आई?"

"तिथेच आहे गं. छान आहे."

पाच महिने ते खरे होते. ठशांवर ठसे पडत होते. गेल्या रविवारी उजवीकडचा ठसा बोटभर आत पडला. आईचे बोट तिथे क्षणभर थांबले. हाताला कळले होते, मित्रांनो. तोंडाने मात्र नेहमीचेच दोन शब्द सांगितले. दाखवायला जायची तारीख अजून चार आठवडे दूर आहे, आणि ठकूचे रजेचे दिवस संपलेले आहेत.

तुमच्याही घरात कुणीतरी असेल, काहीही पुढे केले तरी न बघताच छान आहे म्हणणारे. त्यांच्या त्या शब्दांवर समाधान मानून परत फिरू नका. काय छान आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगा, आणि बोट कुठे पडते ते जवळ येऊन बघा. आणि कुणी ठकूला ओळखत असाल, तर तिला एवढे कळवा, की या वेळी रंग नकोत, तू स्वतः ये. मी चालू असताना ठसे दिसत नाहीत. मला बंद कर, खिडकीतला उजेड काचेवर तिरका घे, आणि उजवीकडे बघ.