बादशहाची जोडी आणि डोनट

आमच्या रेनोच्या कॅसिनोत मंगळवारी सकाळी पोकरचं टेबल भरतं, त्यावर बहुतेक सगळे पेन्शनीतलेच. मी जन्मभर शाळेची बस चालवली. नवरा गेल्यापासून त्या टेबलाची एक खुर्ची माझी. पण लेकीशी, जनीनशी, माझा करार आहे. पत्त्यांसाठी बाजूला काढलेले पैसे संपले की खेळ बंद, आणि मी तिच्याकडे दूर बॉइसीला राहायला जायचं. त्या सकाळी शेवटचे तीनशे डॉलर माझ्यापुढे होते. लेकीचं घर चांगलं आहे हो, पण तिथे मला ‘वेडे म्हातारे’ म्हणणारं कोणी नाही.

प्रत्येकाच्या हातात दोनच पानं असतात, आणि माझ्या मते टेबलावरची पाच सामाईक पानं उघडण्याआधीच निम्मा खेळ होऊन जातो. आमच्याकडे तीन डॉलर टाकून फालतू पानांवरही सगळे आत येतात. म्हणून चांगली पानं आली की दणकून पैसे वाढवायचे, नाहीतर मुकाट्याने टाकून द्यायची. एवढंच शास्त्र.

बराच वेळ मी टाकतच होते. मग हातात दोन बादशहा आले. तोंडात डोनट होता. मी पंचवीस डॉलरची एक चिप पुढे सरकवली.

“कॉल, तीन डॉलर,” पत्ते वाटणारी डीलर इमेल्डा म्हणाली आणि बावीस परत माझ्याकडे ढकलले.

“अगं, वाढवलंय मी!”

“तोंडाने म्हणालीस का? न बोलता एकच मोठी चिप टाकली की ती कॉलच, नुसती बरोबरी. तुला हे नव्याने सांगायचं का, व्हर्ना?”

“एरवी उचलली जीभ लावली टाळ्याला,” ट्रकवाला ड्वाइट खिदळला, “आणि आज नेमका डोनट आडवा आला!”

मी चरफडले. तेवढ्यात माझ्या डावीकडच्या ऑर्व्हिलने कॉफीचा कप खाली ठेवला. हा निवृत्त पोस्टमन ताकही फुंकून पिणारा. राण्यांची जोडी आली तरी हातातला कप न सोडता नुसते तीन डॉलर टाकून बसतो.

“साठ,” तो म्हणाला.

“माझे सगळे!” ड्वाइटने ढीगच पुढे लोटला.

पाळी फिरून माझ्यावर आली. पुस्तकं सांगतात, बादशहाची जोडी कधी टाकू नये. पण पुस्तकवाल्यांनी ऑर्व्हिल पाहिलेला नाही. तो साठ म्हणतो म्हणजे एक्केच. मी आधी वाढवून बसले असते, तर आता इरेला पेटून सगळं घातलं असतं. मी स्वतःला ओळखते. गेले होते ते फक्त तीन डॉलर. मी पानं टाकली.

ऑर्व्हिलनेही सगळे घातले आणि पानं उलटली. दोन एक्के. ड्वाइटच्या राण्या. मग टेबलावर पाच पानं उघडली. त्यांत एकही बादशहा नव्हता, म्हणजे माझे सगळे डॉलर गेलेच असते. माझा जीव भांड्यात पडला.

“गेलं माझं डिझेल,” ड्वाइट कपाळावर हात मारत उठला.

“तू काय टाकलंस गं?” ऑर्व्हिलने विचारलं.

“बादशहा. दोन्ही.”

“का?”

“तू कप खाली ठेवलास म्हणून.”

तो चिप्स रचायचा थांबला. “बायको गेल्यापासून मला इतकं कोणी ओळखलं नव्हतं,” तो हळूच म्हणाला. मग घसा खाकरून नेहमीच्या आवाजात, “वेडे म्हातारे, बादशहा टाकतं का कोणी! पुढच्या मंगळवारी लवकर ये. तुझी खुर्ची धरून ठेवतो.”

“येते,” मी म्हणाले. आता तोंड रिकामं होतं.