सखूचा हललेला फोटो

मित्रांनो, मी एक जुनी एक्स-रे मशीन आहे. रत्नागिरीतल्या एका दवाखान्याच्या मागच्या पडवीत, मोडक्या खाटांशेजारी उभी आहे. अंगावर गोणपाट आहे. माझी थोरवी ऐकायला आला असाल तर दुसरीकडे जा बाबांनो. मला माझ्या हातून घडलेली एक चूक सांगायची आहे, ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मुंबईत वापरून झाल्यावर मी ट्रकमधून इथे आले. मला हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. पालीपासून मालगुंडपर्यंतची माणसं 'छातीचा फोटो' काढायला येऊ लागली आणि मीही फुशारले. पण माझा जोर मुळात कमी, त्यात दुपारी इथली वीज मंदावायची. एका फोटोला मला चांगला दीड सेकंद लागायचा. तेवढ्यात माणसानं श्वास घेतला की छाती हलायची आणि आतलं सगळं पुसट यायचं. म्हणून फोटो काढणारे आमचे गंगारामभाऊ दाराआडून ओरडायचे, "श्वास घ्या! धरा!" आणि मग, "सोडा!" गावची माणसं इतकी आज्ञाधारक, की 'सोडा' ऐकल्याशिवाय श्वास सोडायची नाहीत. आमची आया येसूबाई हसायची. "भाऊ, सोडा बोलायला इसरू नका हां! मानूस तसाच उभा ऱ्हायल."

१९८४ साली दिवाळीनंतर पालीजवळच्या वाडीतली सखू आली. सोबत नवरा भागोजी. बाई चाळिशीची, खोकून बेजार झालेली. 'धरा' म्हटलं की नेमकी तिला उबळ यायची. फोटो हलला. गंगारामभाऊंनी दुसरा काढायला हवा होता. पण बाहेर रांग लागलेली, आणि डब्यातल्या फिल्मा संपत आलेल्या.

"चालेल," ते म्हणाले.

डॉक्टरांनी त्या फोटोतला पुसट डाग पाहिला, खोकला ऐकला आणि क्षयाची इंजेक्शनं सुरू केली. इथे खोकला म्हटला की सगळ्यांच्या मनात आधी क्षयच येतो. मी मात्र तिच्या छातीतून आरपार पाहिलं होतं. त्या पुसट डागामागे गाठ होती, सुपारीएवढी. पण मला तोंड कुठे आहे? सखू चार महिने सुया टोचून घेत राहिली.

शिमग्याच्या आधी भागोजी तिला धरून घेऊन आला. लुगडं अंगावर नुसतं गुंडाळल्यासारखं दिसत होतं, इतकी ती वाळली होती. आता डॉक्टरांनाही शंका आली. मुंबईच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना त्यांनी पत्र पाठवलं. उत्तर आलं की समोरून आणि बाजूनं असे दोन स्वच्छ फोटो पाठवा, गाठ एका जागी असेल तर कापता येईल, उशीर करू नका.

भागोजीनं गंगारामभाऊंचे हात धरले. "भाऊ, काय पन करा, पन फोटू चांगला काडा. तिच्याबिगर माजा कोन नाय वो!"

पहिला फोटो हलला. दुसरा हलला. तिसऱ्याला सखूला अशी उबळ आली की पदराला रक्त लागलं. डब्यात दोनच फिल्मा उरल्या. नवा डबा कधी येणार, कुणालाच ठाऊक नव्हतं. माझा तर जीव टांगणीला लागला होता. माझी मलाच चीड आली. जरा भरभर काढता आला असता फोटो, तर काय बिघडलं असतं!

तेवढ्यात येसूबाई पुढे झाली. "अगो सखू, चूल धुमसली की काय करतेस?"

"तोंड फिरवून श्वास भरून घेते, नि फुंकणीला तोंड लावते. नायतर धूर नाकात जातो."

"मग तसाच कर गो बाय. फक्त फुंकू नको."

येसूबाईनं दवाखान्याच्या स्वयंपाकघरातून लोखंडी फुंकणी आणली आणि छाती टेकवतात त्या माझ्या प्लेटच्या वरच्या काठाला टेकवली. सखूनं मान वळवली, श्वास भरला, ओठ फुंकणीला लावले. आणि काय सांगू! त्या क्षणी छाती अगदी स्थिर झाली. खोकला आला नाही. जन्मभराची सवय होती ती. "धरा!" मी काढला. "सोडा!"

गंगारामभाऊंनी ओली फिल्म खिडकीशी धरली. एकेक बरगडी स्वच्छ दिसत होती. आणि गाठही. आता ती पेरूएवढी झाली होती, मधल्या मोठ्या श्वासनळीला चिकटलेली. त्यांनी दिवाळीचा फोटो शेजारी धरला. तोच डाग, तीच जागा.

"येसू, तेव्हाच मी दुसरा काढला असता तर..." ते एवढंच पुटपुटले.

बाजूचा फोटो राहिला होता. सखू आडवी वळून उभी राहिली, तिनं फुंकणीला ओठ लावले. "धरा," भाऊ म्हणाले. मी माझं काम केलं. पण पुढचा शब्द येईना. भाऊ दाराआड भिंतीला टेकून तोंड दाबून रडत होते. सखू उभीच. तिचे ओठ काळे पडले, पाय लटपटले, तरी ती श्वास सोडीना.

"अगो सोड! बाय माजे, सोड श्वास!" येसूबाई किंचाळली.

सखू खाली बसली. कितीतरी वेळ धापा टाकल्यावर तिनं विचारलं, "बरा आला ना फोटो? मी हलले नाय."

फोटो उत्तम आला होता. मुंबईच्या डॉक्टरांनी तो पाहिला आणि सांगितलं, चार महिने आधी आला असता तर कापता आलं असतं. आंब्याच्या दिवसांत सखू गेली.

त्यानंतर गंगारामभाऊंनी हललेला फोटो कधी पुढे जाऊ दिला नाही. फुंकणी माझ्या खुंटीला टांगलेली असायची. चार वर्षांनी नवी, चपळ मशीन आली आणि मला पडवीत आणून ठेवलं. फुंकणीही माझ्याबरोबरच आली. आता ती गंजली आहे.

मित्रांनो, माझं गोणपाट काढू नका, मला तेलपाणीही करू नका. एवढंच ऐका. कुणाचा फोटो हलला तर 'चालेल' म्हणू नका. त्या माणसाला बसवा, पाणी द्या, त्याचा श्वास कसा चालतो ते नीट बघा आणि पुन्हा काढा. आणि 'धरा' म्हणालात, तर 'सोडा' म्हणायला विसरू नका. तुमच्या शब्दावर विसंबून कुणीतरी तिथे श्वास धरून उभं असतं.