छप्पन्न नंबरच्या डब्याची कैफियत

मी बोलतोय, रॉकेलचा डबा. मुरडलंत ना नाक? मुरडा खुशाल. माझ्या अंगाला वास येतो हे मला कुणी नव्याने सांगायला नको.

पण मी जन्माने रॉकेलचा नाही बरं का. मी बिस्किटांच्या कारखान्यातला. अंगावर गुलाबी गालांच्या मुलीचं चित्र, आत कागदाची पांढरी झालर, झाकण उघडलं की घरभर गोड वास. बॅटरीबाईने मला घरी आणलं ते तिचा मुलगा पाच वर्षांचा झाला त्या दिवशी. बिस्किटं आठवड्यात फस्त झाली आणि मग माझ्यात गोट्या आल्या, एक न वाजणारी शिट्टी आली, सायकलची घंटी आली. तेरा वर्षं मी त्या पोराची तिजोरी होतो. तो मला खाटेखाली सरकवायचा आणि आईला बजावायचा, "डब्याला हात लावायचा नाही हं!"

बॅटरीबाई हे काही तिचं नाव नव्हे. ती थिएटरात अंधारात लोकांना खुर्च्या दाखवायची, हातात बॅटरी घेऊन. नवरा लवकर गेला, पोराला तिने त्या बॅटरीच्या उजेडात वाढवलं असं अख्खी गल्ली म्हणायची. बाई तोंडाने फटकळ आणि मनाने साफ. खुर्चीवर पाय ठेवून बसलेल्या माणसाच्या थेट डोळ्यांत बॅटरी मारायची आणि म्हणायची, "पाय घरी ठेवून येत जा."

मग लढाई सुरू झाली. का सुरू झाली ते मला विचारू नका. हॉटेलातल्या रेडिओला विचारा, त्याला सगळं ठाऊक असतं. पोरगा अठराचा झाला आणि फौजेत गेला. वर्षभरात घरांतली वीज दिवसाकाठी तासभर आली तर आली, गॅस बंद झाला, आणि जो तो रॉकेलच्या मागे लागला. बाईने मला खाटेखालून ओढलं, गोट्या एका पिशवीत बांधून ठेवल्या आणि मला पत्र्याचं काम करणाऱ्याकडे नेलं. त्याने झाकण डाख लावून बंद केलं, वर तोटी बसवली, तारेची कडी अडकवली. त्या मुलीच्या गुलाबी गालावरून पहिल्याच दिवशी रॉकेल ओघळलं. मला फार लागलं ते. पण त्या वर्षात कुणाचं काय चाललं होतं की माझं चालावं?

काय वर्ष होतं ते! साबणाची वडी चार घरांत कापून वाटायची. काडेपेटीतल्या काड्या बायका मधोमध चिरायच्या, एकीच्या दोन. वर्तमानपत्र आठ पानांचं होतं, ते दोन पानांवर आलं, आणि त्यातही विजय आमचाच. थिएटर मात्र जनरेटरवर चालायचं, आणि तुडुंब. आधी दहा मिनिटं लढाईच्या बातम्यांची फिल्म दाखवायचे, मग हसवणारा सिनेमा. बाई ती दहा मिनिटं बॅटरी विझवून भिंतीला टेकून उभी राहायची आणि पडद्यावरून कूच करणाऱ्या प्रत्येक पोराचा चेहरा बघायची. रोज तीन खेळ, तिन्ही वेळा. हे तिनेच घरी स्टोव्हपाशी बसून खालच्या वहिनींना सांगितलं, म्हणून मला कळलं.

खालच्या वहिनी म्हणजे तळमजल्यावरच्या. दोघींचा एकच स्टोव्ह होता. रॉकेल वाचावं म्हणून दोन्ही घरांचा स्वयंपाक त्या एकावर एक भांडी चढवून करायच्या. सख्ख्या बहिणींचं अडणार नाही इतकं त्यांचं एकमेकींवाचून अडायचं.

आता रांगेचं सांगतो, कारण सगळं घडलं ते रांगेत. पंधरा दिवसांतून एकदा रॉकेलची गाडी यायची. पहाटेपासून माणसं कुठवर उभी राहणार? म्हणून डबे रांगेत ठेवायचे आणि सगळ्यांच्या कड्यांतून एक लांब दोरी ओवायची, म्हणजे मध्ये कुणी घुसायला नको. डबा म्हणजेच माणूस. पण नऊ वाजता दुकानाची फळी उघडली, 'आज इतके डबे' अशी पाटी लागली आणि दोरी निघाली, की नियम उलटा. आता डब्यामागे त्याचा माणूस हवाच. जो रांग सोडून गेला त्याचा डबा बाजूला. दुसऱ्याला उभं करून चालणार नाही, मग घरी आग लागो.

त्या दिवशी पाटी लागली, 'आज साठ डबे'. माझ्या अंगावर खडूने छप्पन्न लिहिलेलं. वहिनी सत्तावन्न. आणि त्यांच्यामागे चौथे, पेन्शनर काका. त्यांचा नंबर एकसष्ट. पाटी वाचली आणि काकांचा चेहरा असा पडला की काय सांगू. घरी बायको आजारी, अंथरुणाला खिळलेली, पाणी गरम करायला थेंब नाही.

आमची बाई मात्र रंगात आली होती. आठवड्यापूर्वी पोराचं पत्र आलं होतं, महिनाअखेरीस कदाचित सुट्टी मिळेल म्हणून. "आला की पहिली बादलीभर कढत पाणी देणार त्याला," ती सांगत होती. "अकरा दिवस मी गार पाण्याने अंग धुतेय, पण हे रॉकेल त्याच्या बादलीचं. वहिनी, तुम्ही सुद्धा हात लावायचा नाही हं!"

"नाही लावत गं बाई," वहिनी म्हणाल्या. "पत्रात तेवढ्यासाठीच लिहिलंय वाटतं त्याने?"

साडेनऊला तारवाला आला.

त्या वर्षी चांगल्या बातमीची तार कुणी करत नसे. लग्नं, बाळंतपणं सगळी पोस्टकार्डावर. तार म्हणजे सरकारी, आणि तिच्यावर लाल शिक्का असला की गल्लीला आत काय लिहिलंय ते उघडून बघायची गरज नव्हती. त्याची सायकल दिसली की बायका दारातून आत व्हायच्या. बाईची पाठ त्याच्याकडे होती. वहिनी नळावर बाटली भरायला गेल्या होत्या, पाण्यापुरती तेवढी मुभा असे, त्यांनी त्याला कोपऱ्यावरच गाठलं आणि बाईच्या नावावरचा लाल शिक्का पाहिला.

आम्ही डबे जमिनीवर. माणसं कुजबुजतात ती खाली वाकून, म्हणजे आमच्याच कानात. एका डब्यावरून दुसऱ्यावर, असं माझ्यापर्यंत सगळं आलं. तारवाला म्हणाला, "सही तिचीच लागेल." वहिनी म्हणाल्या, "लागू दे. पण आत्ता नको, दादा. आत्ता दिलीत तर ती उठून जाणार आणि डबा बाजूला पडणार. माणसं येतील घरी, चहापाणी लागेल, कशावर करणार? तिचा नंबर होऊ दे." तारवाल्याने तार परत पिशवीत सरकवली. म्हणाला, "अजून दोन घरं आहेत माझी. ती उरकून येतो."

वहिनी परत येऊन उभ्या राहिल्या. मागून काकांनी दबल्या आवाजात सुरू केलं, "सांगून टाका तिला. आई आहे ती. पाप आहे हे, वहिनी." वहिनी दातओठ खाऊन म्हणाल्या, "गप्प बसा हो तुम्ही!"

शब्द बरोबर होते काकांचे. पण बाई उठून गेली की एकसष्टचा साठ होतो, एवढं गणित रांगेतल्या कुणालाही येत होतं. आणि वहिनींची माया खरीच होती, पण छप्पन्न आणि सत्तावन्न हे दोन्ही डबे एकाच स्टोव्हचे, हेही खरं. कुणाच्या मनात किती काय होतं, मी कोण ठरवणार? मीही गप्प होतो. अकरा दिवस रिकामा होतो मी. मलाही भरून हवं होतं.

दोन तास. दोन तास ती बडबडत होती! समोरच्या हॉटेलात रेडिओ सांगत होता की आपल्या फौजांनी ठरल्याप्रमाणे माघार घेतली आहे. त्यामागून गाणं लागलं. बाई म्हणाली, "बघा, अंडं आणि पुढच्या खुर्चीचं तिकीट, दोन्ही आता एकाच भावाला. तरी लोक तिकीटच घेतात! का सांगा? अंडं काही दोन तास पुरत नाही!"

आणि रांग हसली हो! सगळी. ज्यांना माहीत होतं ते जरा जास्तच मोठ्याने हसले. एरवी पाय अडकला तर आईबाप काढणारी माणसं तिला म्हणत होती, सावलीत उभ्या राहा, आमच्या पायरीवर बसा. तिचा नंबर आला तेव्हा दुकानदाराने, ज्याने जन्मात कधी माप भरून घातलं नव्हतं, त्याने फेस खाली बसू दिला आणि वर आणखी पळीभर ओतलं.

"आज सूर्य कुठून उगवलाय म्हणायचा!" बाई म्हणाली. मला तिने उचललं आणि वळली, तर समोर तारवाला.

तिने सही केली. हात रॉकेलचे, कागदावर डाग पडला. वाचलं. रडली नाही. एकच विचारलं, "कधी आली ही?"

तारवाला खोटं बोलायला शिकला नव्हता. "मी साडेनऊलाच आलो होतो, पण..." आणि त्याने वहिनींकडे पाहिलं.

बाईने हॉटेलातल्या घड्याळाकडे पाहिलं. मग रांगेकडे. सगळी माणसं आपापल्या डब्यात बघत होती.

"म्हणजे मी अंड्याचं सांगितलं तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं."

तिने तार घडी घालून कमरेला खोचली.

"माझा पोरगा गेलेला, आणि मी विनोद करत होते. आणि तुम्ही मला करू दिलेत. हसलात वर."

वहिनी रडत पुढे आल्या. "अगं, तुझ्यासाठीच केलं. रॉकेल मिळालं ना..."

"मिळालं," बाई म्हणाली. मला तिने एकटीने जिना चढवून वर नेलं. वहिनींनी कडीला हात लावला तर तो झटकून टाकला.

माणसं आली, गेली. चहा वहिनींनी स्टोव्ह खाली नेऊन आपल्या रॉकेलवर केला. मी कोपऱ्यात भरलेला उभा. त्या दिवसांत थेंबासाठी लोक एकमेकांची डोकी फोडत होते आणि आमच्या घरात पाच लिटर नुसतं बसून होतं. बाई गार पाण्यानेच अंग धुवायची, थिएटरच्या कॅन्टीनमध्ये काहीतरी खायची. बातम्यांची फिल्म लागली की ती आता बाहेर जाऊन उभी राहायची, असं वहिनी जिन्यात कुणाला तरी सांगत होत्या. वहिनी दारापर्यंत यायच्या, उभ्या राहायच्या आणि खाली जायच्या. दार उघडंच असायचं, पण "या" असं काही बाई म्हणाली नाही.

एका दुपारी पेन्शनर काका आले. हातात औषधाची रिकामी बाटली.

"बायकोचा ताप हटत नाही," ते म्हणाले. "थोडंसं मिळालं तर..."

बाईने मला पुढे ओढलं. "सांगून टाका असं तुम्हीच म्हणाला होतात ना? तारवाल्याला रांगेतून कळलं, त्याने मला सांगितलं."

काकांनी बाटली पुढे केली, मग मागे घेतली. "बाई, तुमच्याशी खोटं नाही बोलवत. माझा नंबर एकसष्ट होता."

"ठाऊक आहे मला," बाई म्हणाली. "पाटी मीही वाचली होती. तुमच्या पोटात काय होतं ते मला नको. तोंडाने तरी म्हणालात. बाटली नीट धरा, सांडेल."

आणि तिने ओतलं. बाटली भरली तेव्हा घरातून पातेलं आणलं, तेही भरलं. मला पार उपडा करून शेवटचा थेंब निथळेपर्यंत धरलं. काका पातेलं सावरत, मान खाली घालून गेले. जिन्यात वहिनी उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असणार. त्या तशाच तिथे उभ्या राहिल्या आणि बाईने दार लावून घेतलं.

लढाई अजून चालूच आहे. रेडिओ म्हणतो, लवकरच संपेल. बाईने मला पुन्हा रांगेत पाठवलं नाही. दाराआड उभा आहे, रिकामा, बुडाला गंज धरलाय. तक्रार नाही.

एकच मागणं आहे. तुमच्याही गावात रांगा असतील, तुमच्याही रांगेत कुणी आपल्या पोराची वाट बघत हसत उभं असेल, आणि त्याच्याआधी तुम्हाला कळलेलं असेल. तर त्याचा नंबर येईपर्यंत थांबू नका. जवळ जा, हात धरा आणि सांगा. मी डबा असून सांगतोय, रॉकेलचं नंतर बघा.