नाणं एकदाच उडवलं

लोकांना समजावून सांगणं ही माझी नोकरी. नव्या औषधाची चाचणी सुरू झाली की पेशंटसमोर बसायचं, अकरा पानी संमतीपत्र सोप्या भाषेत सांगायचं आणि मग तेच त्यांच्या तोंडून परत ऐकायचं. माझ्या टेबलावर न समजता कुणी सही करत नाही, असा मला गर्व होता.

कंपवाताच्या चाचणीला दोघी सख्ख्या बहिणी एकदमच आल्या. चाळीस वर्षं एकाच दुकानात शिवणकाम केलेलं. थोरलीचा हात नुसता थरथरायचा, धाकटीला मात्र चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागे. “सुईत दोरा ओवता आला की मी बरी,” ती म्हणाली.

“गोळ्या दोन प्रकारच्या, दिसायला सारख्या,” मी सांगितलं. “एकीत औषध, दुसरी पोकळ. कुणाला कुठली, ते डॉक्टरांनाही ठाऊक नसतं.” मग पर्समधलं नाणं काढून उडवलं. “छापा आला तर औषध, काटा आला तर पोकळ.” बाहेर सातजण खोळंबले होते, म्हणून एकदाच उडवलं. थोरलीने सगळं घडाघडा परत सांगितलं. मी खूश.

चार महिन्यांनी धाकटीने माझ्यासमोर सुईत दोरा ओवला. तिसऱ्या खेपेला, पण ओवला. माझे डोळे भरून आले. नियमाप्रमाणे मी विचारलं, “गोळ्या कशा घेता?”

“सकाळी दोघींच्या गोळ्या अर्ध्या करते,” थोरली म्हणाली. “माझी अर्धी हिला, हिची अर्धी मला. एकीचा छापा म्हणजे दुसरीचा काटाच की. मग एकटीनेच का बरं व्हायचं? लहानपणापासून आमचं सगळं निम्मं निम्मं.”

“मावशी, तुमचं नाणं वेगळं, हिचं वेगळं,” मी म्हटलं. “दोघींनाही औषध असेल. दोघींनाही पोकळ असेल.”

“मग ही बरी कशाने झाली?”

मी नोंदवही पुढे ओढली. गप्प बसले असते तर झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणी विचारलंही नसतं. पण या आकड्यांवर विसंबून उद्या हजारो लोक ती गोळी घेणार किंवा तिच्यावाचून राहणार. मी सगळं लिहून कळवलं.

मोठ्या डॉक्टरांनी तासाभरात कळवलं: दोघी चाचणीतून बाद, गोळ्या आजच परत घ्या. बाहेर दुकानात हे औषध मिळत नाही. मी दोनदा विनवून पाहिलं. ते म्हणाले, नियम तुम्हाला मी सांगायचा का?

“खरी कुणाची होती, तेवढं तरी सांगा,” धाकटी म्हणाली.

“चाचणी संपल्यावर कळेल. दोन वर्षांनी.”

“दोन वर्षांनी मी सुई धरणार होय?” तिने ओवलेली सुई रिळात खोचली आणि गोळ्यांची बाटली माझ्यापुढे सरकवली.

थोरली जाताना दारात थांबली. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

“मॅडम, आम्ही अडाणी. पण त्या दिवशी दोनदा उडवायला काय झालं होतं?”