वर्षालीची गादी

वऱ्हाडात कास्तकाराची लेक सासरी जाताना गादी घेऊन जाते, आणि त्या गादीत बापाच्या वावरातला कापूस असतो. वच्छला अशीच आली होती. म्हणून तिने नवऱ्याला बजावलं होतं, "वर्षालीच्या गादीपुरता ठेवजा." पण खुशालराव घराचा कोपरा झाडून सगळा कापूस जिनिंग मिलवर ओतून आला.

"कावून ओतला?"

"ध्यानात नाई राह्यलं."

लेकीचं लग्न तोंडावर आलेलं. मायलेकी दर्यापूरला गादीवाल्याकडे गेल्या. त्याने पोतं उघडलं. आत राखाडी, निळं, लाल असं काहीबाही पिंजलेलं. वच्छलाने हात घातला तर बोटाला बटण लागलं.

"हा कापूस हाये?"

"कापूसच हाये, काकू. फक्त एकदा कोणी घालून सोडलेला. बाहेरदेशातले जुने कपडे येतात, ते पिंजतात."

खोटं नाही बोलला बिचारा. इंग्रजाच्या राज्यात तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस अडला, तेव्हा सायबाच्या गिरण्यांना वऱ्हाड गोड लागला. रूळ आले ते कापसासाठी, माणसांसाठी नाही. साहेब गेला, वाट तीच राहिली. इथून पांढरंशुभ्र जातं, परत येतं ते कोणाचं तरी उतरलेलं. पिकवणाऱ्याने त्यावर लेक निजवायची, वर पैसेही द्यायचे. याला व्यापार म्हणतात.

वच्छलाने बटण पोत्यात टाकलं. "माही पोरगी कोणाच्या जुन्या पॅन्टवर नाई निजत."

वावरात वेचून झालेल्या कापसाच्या पऱ्हाट्या अजून उभ्या होत्या. बोंडअळीने खाल्लेली, अर्धवट उललेली बोंडं तेवढी उरलेली. तिने वेचायला पदराची ओटी बांधली. मागून खुशालराव आला आणि शेजारच्या तासात बोंडं वेचू लागला.

"उद्या ट्रॅक्टर येऊन राह्यला पऱ्हाटी काढाले," तो पुटपुटला.

"मंग आज वेचा."

घरी तिघं सरकी काढत बसले. पिवळट, किडका कापूस, अर्धा फेकण्यातच गेला. उरलेला वच्छलाने गादीच्या खोळीत भरला, दाबून पाहिला, पुन्हा बाहेर काढला. गादी होत नव्हती. तिने खोळ कापून उशीएवढी केली आणि कापूस परत भरला.

वर्षालीने ती ओढून घेतली. "एकच हाये, मंग माही."

"आन जावई?" वच्छलाने विचारलं.

"त्यायले म्हणा, आपल्या वावरातला आना."

"बडनेऱ्याले रेल्वेत हाये तो. त्याले कुठचं वावर?"

"मंग निजू द्या तसंच."

खुशालरावाला हसू आवरेना. वच्छलाने सुई घेतली आणि उशीचं तोंड शिवायला लागली.