वाचवलेला वेळ

अर्धांगवायूच्या झटक्यात माझ्या वडिलांची, तात्यांची, वाचा गेली. पंचवटीच्या फुलबाजारात ज्या माणसाचा आवाज चार गाळे सोडून ऐकू यायचा, तो पाणी हवं असलं तर माठाकडे बोट दाखवू लागला. स्पीच थेरपीच्या मॅडमनी बजावलं, घरातल्या कुणीतरी रोज समोर बसून बोललं पाहिजे, सुरुवातीचे महिने हातचे गेले तर मग अवघड. आई मखमलाबादच्या मळ्यात झेंडू तोडायला. उरले मी.

मी गंगापूर रोडवरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिथं अंधार पडल्याशिवाय कुणी खुर्ची सोडत नाही. पण त्याच सुमारास मी एआय चॅटला हाताशी धरलं. कोड त्याच्याकडून लिहून घ्यायचा, चुका त्यालाच शोधायला लावायच्या, मग डोळ्यांत तेल घालून आपण तपासायचं. दिवसाचं काम जेवणाच्या सुट्टीपर्यंत हातावेगळं व्हायला लागलं. उरलेलं घरून करते सांगून मी पळायचे आणि तात्यांसमोर बसायचे. गुलाब, गलांडा, शेवंती. एकेक नाव त्यांच्या तोंडून अक्षरशः ओढून काढायचे. ‘शेवंती’ म्हणाले त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडले.

घात केला संतोषने, तोही प्रेमापोटी. माझ्या शेजारी बसणारा भला माणूस. आमच्याकडे वाढदिवसाचा केक कापला की प्रत्येकाने त्या माणसाबद्दल दोन शब्द चांगले बोलायचे, असा रिवाज. माझ्या वाढदिवसाला हा आमच्या मालकांसमोर, लखनसरांसमोर, म्हणाला, “योगिनीताईंसारखं एआय कुणालाच वापरता येत नाही. त्यांचं सगळं दुपारीच संपतं.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी तर मला आपल्या हाताने केक भरवला.

सोमवारी दुसरं प्रोजेक्टही माझ्या गळ्यात पडलं. घरची परिस्थिती सांगितली, तर सर हळहळले. खरंच हळहळले, खोटं कशाला बोलू. मग त्यांनीच मार्ग सुचवला, वडिलांशी बोलायलाही एआयच ठेवा ना, तुम्हाला काय अवघड आहे.

तळपायाची आग मस्तकात गेली. पण केलं मीच. फुलांची नावं आणि मळ्यातले शब्द घालून, मराठीत प्रश्न विचारणारं, कितीही चुकलं तरी न कंटाळणारं एआय. जुन्या फोनवर चढवून तात्यांच्या उशाशी ठेवलं. मी घरी यायचे तेव्हा ते झोपलेले असायचे. दिवसभर त्याच्याशी बोलतात, आई कौतुकाने सांगायची. मॅडम खूश होत्या. मी मात्र त्या फोनवर जळत होते.

परवा सर बाहेरगावी होते, म्हणून मी दुपारीच घरी आले. तात्यांच्या खाटेवर बसले आणि म्हटलं, आज माझ्याशी बोला. ते तोंड उघडतात तोच माझा मोबाइल वाजला. ऑफिस. एक मिनिट हं, म्हणून मी उत्तर टाइप केलं. मान वर केली, तर पुन्हा वाजला.

तात्या थांबले होते. रागावलेही नव्हते. मग चांगल्या हाताने त्यांनी उशाचा फोन जवळ ओढला आणि आजारानंतर पहिल्यांदाच माझ्याशी सबंध वाक्यं बोलले, अडखळत, पण एकही शब्द न गाळता.

“तुला काम हाय पोरी, तू जा. याला टाइम हाय.”