दारातल्या तिघी

आत्या कित्येक वर्षं सांगत होती, "त्या फोटोत मी आहे," आणि लोक तोंडावर हसत होते. प्रसूतिगृहाच्या पायरीवर पांढऱ्या कोटातले मोठे डॉक्टर झळाळत उभे, आणि मागचं दार म्हणजे नुसतं डांबर. आत्या तिथली सुईण. "दारात आम्ही तिघी होतो गं," ती भाचीला म्हणायची, "डोळे फुटलेत का सगळ्यांचे?"

भाचीचा धंदाच फोटो छापायचा. प्रसूतिगृहाच्या वर्धापनदिनासाठी चिटणीसांनी तिथल्या कपाटातून त्या फोटोची मूळ काच, म्हणजे काचेची निगेटिव्ह, आणून दिली, तेव्हा तिने ती आधी दिव्यासमोर धरली. दाराच्या जागी पुसट रेषा होत्या! म्हणजे काचेत सगळं होतं. कोटाच्या घड्या दिसाव्यात म्हणून आजवर छापणाऱ्यांनी कागदाला इतका उजेड दिला, की दार पार काळ्यात बुडालं; उजेड जास्त लागेल तिथे कागद काळा होतो.

तिने मास्क करायला घेतला. काचेवरून एका फिल्मवर फिकट, जरा धूसर अशी उलट प्रतिमा उतरवली. ती काचेच्या पाठीला नेमकी जुळली की दाराकडचा उजेड अडतो, कोटाकडचा जातो, आणि एकाच कागदावर दोन्ही उमटतं. पण जुळवणं म्हणजे जिवावरचं काम. केसभर सरकलं, की डॉक्टरांच्या खांद्याला काळी रेघ. पहिला कागद वाया, दुसराही. मग दातओठ खात, भिंगातून बघत तिने पायरीचा कोपरा कोपऱ्यावर आणला, चिकटपट्टी लावली आणि चौकटीत कागद दाबला.

औषधाच्या ट्रेमध्ये आत्या उमटली. कडेवर कुणाचं तरी बाळ. शेजारी नर्सबाई, आणि चादरी धुणारी बाई. भाचीने लगेच आणखी दोन प्रती काढल्या.

दुसऱ्या दिवशी चिटणीस आले. "सुरेख! पण दारातली ही गर्दी नको. डॉक्टरांवरून नजर हटते. पूर्वीसारखं काळं करून टाका."

फोटो बघायला दुकानात येऊन बसलेल्या आत्याने मान वर केली. "गर्दी? याच गर्दीने तुमच्या इथली बाळंतपणं केली."

"आजी, तसं नव्हे..."

"आजी घरच्यांची. तिथे मी सुईण होते."

भाचीची कानशिलं तापली. "काळं करायला कष्ट नाहीत साहेब, मास्क काढला की झालं. पण मी काढणार नाही. राबलेल्या माणसांना काळं फासायचं असेल, तर दुसरं दुकान बघा."

त्यांनी खरंच दुसरं दुकान बघितलं. सभागृहात काळ्या दाराचाच फोटो लागला.

भाची धुमसत राहिली. आत्याने मात्र स्वतःची प्रत उशाशी लावली आणि उरलेल्या दोन त्या दोघींच्या घरी द्यायला भाचीला बरोबर नेलं. नर्सबाईंनी अंथरुणातूनच स्वतःला ओळखलं. चादरी धुणारी केव्हाच वारली होती. तिच्या लेकीने आईचा फोटो कधी पाहिलाच नव्हता. ती कितीतरी वेळ त्या चेहऱ्यावरून बोट फिरवत राहिली.

"इतकी वर्षं हे कुठे होतं?" तिने विचारलं.

"कपाटात, त्या प्रसूतिगृहाच्याच," भाची म्हणाली, आणि तिचा राग पुन्हा मस्तकात गेला.